पाणी किती दिलं?

आमच्या भागातला शेतकरी दुसऱ्याचं रान बघायला गेला, की आधी कणसाला हात लावत नाही. बांधावर उभा राहतो, तंबाखू मळतो आणि विचारतो, "पाणी किती दिलं?" मग विहीर किती परस खोल, रान हलकं की भारी, पेरणी कोणत्या नक्षत्रावर, बी कुठलं. एवढी उलटतपासणी झाली, की मग खाली बसून कणीस न्याहाळतो. समोरचा चार पाण्यांचं बोलला, तर हा धोतर झटकून उठतो. पीक कितीही देखणं असलं तरी ते आपल्या कामाचं नाही, हे त्याला कळलेलं असतं.

शाळा बघायला गेलेला माणूस हा प्रश्न विचारत नाही. मीही विचारला नव्हता. केंद्रप्रमुख असताना केंद्रातल्या गुरुजींना आणि बाईंना घेऊन मी एका गाजलेल्या शाळेच्या भेटीला गेलो होतो. दोन जीपगाड्या, वर्गणी ज्याची त्याची. तिथे फरशीवर आखलेली अंकचक्रं होती, मुलांचा हात पोचेल इतक्या उंचीवर भिंतभर फळा होता, आणि मुलं आपापल्या गटात कामाला लागलेली होती. आम्ही भराभर फोटो काढले. परतताना ढाब्यावर जेवता जेवताच ठरलं, आपल्याकडेही हे करायचं. महिन्याभरात लोकवर्गणी जमली, पेंटर आला, फरशा रंगल्या. त्यानंतर एका वस्तीवरच्या शाळेत गेलो, तर पहिलीची पोरं वर्गात भिंतीच्या कडेकडेने चालत होती. का रे, म्हणून विचारलं. एक जण म्हणाला, "त्याच्यावर पाय दिला की रंग जातो. सरांनी सांगितलंय."

अंकचक्र पायाने खेळण्यासाठी असतं. आम्ही ते देवघरातल्या रांगोळीसारखं जपलं होतं. चूक त्या सरांची नव्हती. त्यांना नेऊन रंग दाखवणारा मी होतो. रंगाच्या मागे त्या शाळेने किती वर्षं काय केलं, हे ना मी विचारलं, ना कुणी आपणहून सांगितलं. हे पुस्तक त्या कडेकडेने चालणाऱ्या पोरांमुळे निघालं, असं म्हणायला हरकत नाही.

ज्यांना आमचा भाग ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. हे कर्जत नगर जिल्ह्यातलं, म्हणजे आता अहिल्यानगर. मुंबईच्या लोकलचं कर्जत वेगळं. तिकडची पार्सलं अधूनमधून इकडे येतात आणि आमची तिकडे जातात, तेवढाच संबंध. जिल्ह्याच्या उत्तरेला प्रवरा-गोदावरीचे कालवे, ऊस, साखर कारखाने आणि कारखान्यांच्या पाठबळावर उभ्या राहिलेल्या शिक्षणसंस्था. दक्षिणेला आम्ही, पर्जन्यछायेत. कुकडीचं आवर्तन काही गावांना मिळतं, बाकीची आभाळाकडे बघतात. सिद्धटेकच्या गणपतीला आणि राशीनच्या देवीला भाविक येतात, रेहेकुरीच्या अभयारण्यात काळविटं बघायला शहरातली माणसं येतात. शाळा बघायला फारसं कुणी येत नाही. दिवाळी झाली की काही वस्त्यांवरची कुटुंबं कोयता घेऊन कारखान्यांकडे निघतात. पोरं कधी बरोबर जातात, कधी आजीपाशी राहतात. हजेरीपटावर ती असतात, वर्गात नसतात. आमच्या रानाची खोली ही अशी आहे. इथे टिकेल तो नमुना आमच्या उपयोगाचा.

एका शाळेने चांगलं करावं आणि दुसरीने बघून घ्यावं, ही कल्पना या जिल्ह्याला नवी नाही. अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फॅरार १८३९ पासून नगरला होत्या आणि मुलींच्या शाळा चालवत होत्या. जोतीराव फुले मित्राबरोबर नगरला आले, त्या शाळा त्यांनी पाहिल्या, आणि १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू केली. मराठी मुलखातली सर्वांत फळलेली शाळाभेट कोणती, असं कुणी विचारलं तर मी हीच सांगेन. जोतीरावांनी नगरहून नेलं काय, हे मात्र बघण्यासारखं आहे. मिशनचा पैसा त्यांच्याकडे नव्हता आणि मिशनचा धर्म त्यांना नको होता. मुली शिकतात, आणि त्यांना शिकवायला बाई असली तर घरं मुली पाठवायला धजतात, एवढी रीत त्यांनी उचलली. ती उचलून घरच्याच माणसाला, सावित्रीबाईंना, शिक्षिका म्हणून उभं केलं. सावित्रीबाईंच्या शिक्षक-प्रशिक्षणाशीही फॅरारबाईंचं नाव जोडलेलं आहे.

याच जोतीरावांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. त्यात प्राथमिक शिक्षक शेतकरी वर्गातून यावेत, ते प्रशिक्षित असावेत, असा आग्रह होता. आणखी एक गोष्ट होती, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. खेड्यातल्या शाळेत शेतीचे धडे द्यायचे तर जोडीला एक लहानसं नमुन्याचं शेत असावं, ते नीट चालवलं तर देशाचं मोठं हित होईल, असं त्यांनी सुचवलं होतं. फुल्यांचं नाव लावणारं कृषी विद्यापीठ आज आमच्याच जिल्ह्यात, राहुरीला आहे. ते रब्बी ज्वारीचं एकच वाण सगळ्यांच्या गळ्यात मारत नाही. हलक्या रानाला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा, पाण्याची सोय असेल तर फुले रेवती. मातीची खोली बघून बी सांगायचं, हे शेतीखात्याला कळलं. शिक्षणखात्यात अजून एकाच परिपत्रकावर गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत पेरणी होते.

खरं तर आपल्या गावठी शाळेचीही नक्कल एकेकाळी साऱ्या जगाने केली आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या एका अनाथालयाचं काम पाहणाऱ्या अँड्र्यू बेल या पाद्र्याने वाळूत बोटाने अक्षरं गिरवणारी देशी मुलं पाहिली. त्याने आपल्याकडे तेच सुरू केलं आणि मोठ्या मुलांकडून लहानांना शिकवून घेतलं. ही पद्धत तो इंग्लंडला घेऊन गेला. तिकडे ती बेल आणि लँकेस्टर यांच्या नावांनी गाजली, आणि पुढे साहेबाची नवी पद्धत म्हणून मुंबई इलाख्यात परत आली. धूळपाटी आमच्या पंतोजीची आणि नाव त्यांचं, यावर आता भांडण्यात अर्थ नाही. लक्षात ठेवायचं ते इतकंच, की जी रीत वाळू आणि बोट यांवर भागली ती समुद्र ओलांडून गेली.

पुढचा इतिहास मी भरभर सांगतो, कारण तो इतरत्र सविस्तर मिळतो. १८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघालं. शाळेची पत निकालावर आणि शिष्यवृत्त्यांवर मोजण्याची आपली खोड तिथपासून पक्की झाली असावी, असं मला वाटतं. राष्ट्रीय शाळांची एक लाट आली आणि ओसरली. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेतून नई तालीम निघाली. हाताच्या कामातून शिक्षण हा तिचा गाभा. सरकारी शाळांत गेल्यावर त्यातून टकळी उरली आणि आठवड्याचा एक तास उरला.

पण रयत शिक्षण संस्थेपाशी मला थांबावं लागेल. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले या गावी संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह सुरू केलं. तिथे सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसत, दळण-स्वयंपाक स्वतः करत, शेतात राबत आणि शिकत. शिक्षक कमी पडतात म्हटल्यावर १९३५ मध्ये शिक्षक घडवणारं विद्यालय काढलं. त्यातून बाहेर पडलेली तरुण पोरं डोंगरकपारीच्या गावांत जाऊन चावडीत, देवळात, मिळेल त्या छपराखाली शाळा चालवू लागली. हा नमुना का पसरला? त्याला लागणारं पाणी गावातलंच होतं. घरटी मूठभर धान्य, मुलांचे स्वतःचे हात, आणि त्याच शाळेतून शिकून तयार झालेला मास्तर. बाहेरून आणावं लागेल असं त्यात जवळजवळ काही नव्हतं. आमच्या कर्जतला रयतचं दादा पाटील महाविद्यालय १९६४ मध्ये निघालं. या पुस्तकात लिहिणाऱ्यांपैकी काही जण त्याच कॉलेजात, सायकल नाहीतर एसटीचा पास यांच्या जोरावर शिकले आहेत. त्यांच्या लिहिण्यात भाऊरावांचं नाव क्वचित येतं, वळण मात्र त्यांचंच आहे.

दुसरा मुक्काम कोसबाडचा. मॉन्टेसोरी पद्धतीची साधनं महाग आणि शहरी. ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला. तिथे शंख-शिंपले, बिया, पानं, गोटे हीच साधनं झाली. आदिवासी पाड्यावरची पोरं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडी त्यांच्या अंगणात गेली, म्हणून ती अंगणवाडी. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी शाळा कुरणात गेली, म्हणून कुरणशाळा. १९७५ मध्ये केंद्र सरकारच्या बालविकास योजनेतून अंगणवाडी हा शब्द देशभर पोचला. शंख-शिंपले वाटेतच राहिले.

मग आल्या प्रयोगशील शाळा. लीलाताई पाटलांचं कोल्हापूरचं सृजन आनंद विद्यालय १९८५ चं, मॅक्सीन बर्नसन यांचं फलटणचं कमला निंबकर बालभवन १९८६ चं, पुण्याचं अक्षरनंदन १९९२ चं. वाचन कसं शिकवायचं, मुलाशी बोलायचं कसं, शिक्षा न करता वर्ग कसा सांभाळायचा, हे माझ्या पिढीच्या मास्तरांनी यांच्याकडे बघून आणि वाचून घेतलं, ते ऋण मोठं आहे. तरी पाणी किती, हा प्रश्न इथेही विचारायला हवा. या शाळांत शिक्षक विचार पटून येतो आणि वर्षानुवर्षं राहतो. आमच्याकडे तो बदलीने येतो आणि बदलीने जातो.

आदर्श ठरवण्याच्या दोन अगदी उलट रीती आमच्याच जिल्ह्यातल्या पारनेर तालुक्यात बघायला मिळतात. टाकळी ढोकेश्वरला जिल्ह्याचं नवोदय विद्यालय आहे. १९८६ च्या शैक्षणिक धोरणातून निघालेल्या या निवासी शाळांनी आसपासच्या शाळांना चाल लावून द्यावी, अशी अपेक्षा होती. सहावीच्या प्रवेशासाठी परीक्षा देऊन जिल्ह्यातली निवडक मुलं तिथे जातात, आणि शिकतातही चांगली. पण निवडक बियाण्याचं, राखीव पाण्याचं पीक बघून कोरडवाहू शेजाऱ्याने शिकावं काय? आमच्या शाळा नवोदयकडून शिकवणं शिकल्या नाहीत, नवोदयच्या परीक्षेची तयारी करून घ्यायला शिकल्या. त्याच तालुक्यात राळेगणसिद्धीच्या शाळेने नापास झालेल्या मुलांना आवर्जून प्रवेश दिला. इतरांनी टाकलेलं बी घेऊन उगवून दाखवायचं. मला विचाराल तर नमुना दुसरा आहे. जाहिरात पहिल्याची जास्त झाली.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत जिल्हा परिषदेच्या शाळांनी मात्र कमाल केली. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्याबरोबर शिक्षकांनी एका शाळेत नव्हे, अख्ख्या बीटमधल्या शाळांत मुलांना वाचतं-लिहितं केलं. जून २०१५ मध्ये राज्याने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम आणला आणि राज्यभरातून गाड्या भरभरून शिक्षक कुमठ्याला जाऊ लागले. कुमठ्याचं खरं मोल एकेक मूल कुठे अडलंय हे पाहणाऱ्या रोजच्या कामात होतं, आणि शिक्षकांनी एकमेकांच्या वर्गात जाऊन बसण्यात होतं. परत आला तो बहुतेक ठिकाणी ऑइलपेंट.

याच काळात सोलापूरच्या माढा तालुक्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. २०२५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेने जागतिक स्पर्धेत लोकांच्या मतांवरचा पुरस्कार मिळवला. सरकारने ४८८ शाळा 'आदर्श शाळा' म्हणून निवडल्या, केंद्राने २०२२ मध्ये पीएम श्री योजनेत देशभरातल्या १४,५०० शाळा घ्यायचं ठरवलं. याचा आनंद मलाही आहे. झेडपीची शाळा म्हणजे गळकी कौलं आणि झोपलेला मास्तर, हे चित्र या लोकांनी पुसलं. फक्त एक शंका राहते. आधी निधी देऊन मग जिला आदर्श म्हणायचं, तिच्याकडून निधी न मिळालेल्या शाळेने नेमकं काय घ्यायचं?

आणि बदलीचं काय? हा प्रश्न कुठल्याच निकषपत्रकात नसतो, म्हणून इथे जरा विस्ताराने लिहितो. मुख्याध्यापकाची बदली झाली की तो चार्ज देतो. चार्जच्या याद्या मी आयुष्यात ढीगभर पाहिल्या. लोखंडी कपाट एक, खुर्च्या चार, पैकी एक मोडकी. शालेय पोषण आहाराचा तांदूळ शिल्लक इतके किलो इतके ग्रॅम. कुकर, वजनकाटा, टीव्ही संच, त्याचा रिमोट नादुरुस्त. तांदळाचा ग्रॅममध्ये हिशोब असतो. तिसरीतली अमुक पोरगी जोडाक्षराला अडते, चौथीतला अमुक पोरगा तोंडी हिशोबात पटाईत आहे पण मांडायला घाबरतो, यातलं एक अक्षर त्या यादीत नसतं. नवा माणूस येतो, कपाट मोजून घेतो आणि पोरं पहिल्यापासून ओळखायला लागतो. तोवर दिवाळी येते. गाजलेल्या शाळा गुरुजी गेल्यावर वर्ष-दोन वर्षांत विझताना मी पाहिल्या, त्या बहुधा या यादीपायी.

आमच्याच एका दोनशिक्षकी शाळेत बाईंनी यावर साधा तोडगा काढला. दोनशे पानी वही. ऊसतोडीहून परतणाऱ्या प्रत्येक मुलाला तिच्यात एक पान. जाताना काय येत होतं, परतल्यावर काय विसरलं, जोडीला कोणत्या मोठ्या मुलाला दिलं, किती दिवसांत गाडी रुळावर आली. एका पानावर फक्त एवढं आहे: 'वजाबाकी विसरला. पैसे मोजायला बापापेक्षा चांगलं शिकून आला. तिथून सुरू करणे.' बाईंची बदली झाली तेव्हा त्यांनी चार्जच्या यादीत शेवटी आपल्या हाताने लिहिलं, 'वही एक'. नव्या गुरुजींनी सही करून ती घेतली. आज ती तिसऱ्या शिक्षकाच्या हातात आहे आणि जिथे वही संपली तिथे दुसरी शिवून जोडली आहे. या शाळेला आयएसओचं प्रमाणपत्र नाही. रंग देऊनही बरीच वर्षं झाली.

माझी कसोटी मी या वहीवरून घेतो. ज्या गोष्टीने एक शाळा चांगली झाली ती गोष्ट, ती करणारा माणूस गेल्यावर, साध्या माणसाच्या हातात, साध्या शाळेत चालते का? चालत असेल तर ती शाळा इतरांसाठी आदर्श. नसेल तर ती एका थोर शिक्षकाची शाळा. तोही गौरव लहान नाही, पण तो वेगळा. 'तोत्तोचान' या जपानी पुस्तकातली रेल्वेच्या डब्यांतली तोमोए शाळा डी.एड. झालेल्या प्रत्येकाला पाठ असते. ती प्रत्यक्षात १९३७ ते १९४५ एवढीच चालली, बॉम्बहल्ल्यात जळली आणि तशी पुन्हा उभी राहिली नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. रीत चांगली, साधी आणि पसरलेली असूनही मोडता येते. मध्य प्रदेशात १९७२ साली सोळा शाळांत सुरू झालेला होशंगाबादचा विज्ञानशिक्षणाचा कार्यक्रम हजाराच्या आसपास शाळांपर्यंत पोचला होता. २००२ मध्ये सरकारने तो बंद केला. आंध्रातल्या ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांनी, एकाच शिक्षकाला अनेक इयत्ता सांभाळता याव्यात म्हणून, कार्डांची पायऱ्यापायऱ्यांची रीत बसवली. तामिळनाडूने तिच्यावरून आपली पद्धत घडवून राज्यभर नेली. तिथेही कार्डं पोचली तितक्या लवकर समज पोचली नाही, असं त्या वर्गांत बसून आलेले सांगतात.

हे सगळं आत्ताच का? राज्यात वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा २०२३ मध्ये सुमारे १५ हजार होत्या. त्या मिटवून समूहशाळा कराव्यात, अशी चर्चा सतत डोकं वर काढते. मोठ्या शाळेचे फायदे मी नाकारत नाही. पण वस्तीपासून शाळेपर्यंत ओढा असेल, तर पहिली बंद होते ती मुलीची शाळा. लहान शाळा टिकवायच्या तर त्या चांगल्या चालवून दाखवाव्या लागतील, आणि त्यासाठी लहान शाळांचेच नमुने लागतील. आठशे पटाच्या देखण्या शाळेचा व्हिडिओ दाखवून अठरा पटाच्या शाळेतले गुरुजी काय करणार? लाइक करणार.

म्हणून या पुस्तकात यशोगाथा नाहीत. लिहिणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला आम्ही एकच अट घातली होती. काय केलं, ते लिहाच, पण त्याला पाणी किती लागलं तेही लिहा. पैसा किती, कुणाचा. रोजचे तास किती. घरच्यांचं काय झालं. काय फसलं. तुमच्यानंतर ते चालू आहे का. शेवटच्या प्रश्नाला काहींनी 'नाही' असं सरळ उत्तर दिलं आहे. ते लेख आम्ही मुद्दाम ठेवले, आणि माझ्या मते ते सर्वांत उपयोगी आहेत. भाषा ज्याची त्याची ठेवली. मुलांची नावं बदलली. ज्यांच्याकडून चुका झाल्या, त्या शाळांची नावं घातलेली नाहीत, त्यात माझ्या केंद्राचीही एक आहे. इथे सगळ्या शाळांना लागू पडेल असा आराखडा शोधणाऱ्याची निराशा होईल. आमच्या हलक्या रानात उगवलेलं तेवढंच यात आहे. नदीकाठच्या भारी जमिनीवाल्याने ते जसंच्या तसं पेरू नये.

वाचून यातली एखादी शाळा बघावीशी वाटली, तर जरूर या. फक्त पंधरा ऑगस्टला, सव्वीस जानेवारीला किंवा गॅदरिंगला येऊ नका. होळीनंतर या, तोडीला गेलेली पोरं परतू लागतात तेव्हा. परिपाठापासून खिचडीपर्यंत मागच्या कोपऱ्यात बसा, मोबाइल खिशात ठेवा. आणि निघताना गुरुजींना टाळी देण्याआधी आमच्या शेतकऱ्याचा प्रश्न तेवढा विचारा.

कर्जत, जि. अहिल्यानगर